उच्चारांच्या यादीसाठी कळफलक : चौथ्या महिन्याची नोंद

चार महिन्यांपूर्वी मी मराठी शब्दांच्या उच्चारांची यादी करायला घेतली. डाव्या रकान्यात देवनागरीतील शब्द आणि उजव्या रकान्यात आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतील त्याचा उच्चार, अशी तिची साधी मांडणी आहे. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जगणे या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप, हे दोन शब्द लिहिताना हुबेहूब सारखे दिसतात. मात्र पहिल्यातला ज तालव्य आहे, म्हणजे त्यात जीभ टाळूला लागते, आणि दुसऱ्यातला दंततालव्य, म्हणजे त्यात ती दातांजवळ लागते. हा भेद आपल्या नेहमीच्या लेखनात दिसत नाही आणि तो दाखवण्यासाठीच उजवा रकाना आहे. आतापर्यंत साडेतीनशे शब्द झाले. त्यातला निम्म्याहून अधिक वेळ उच्चार ठरवण्यात नव्हे, तर चिन्हे टाइप करण्यात गेला.

पहिला महिना मी वर्डमध्ये युनिकोडचा संकेतांक, म्हणजे प्रत्येक चिन्हाला संगणकासाठी दिलेला क्रमांक, लिहून ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबत होतो. शंभर शब्दांनंतर यादी तपासताना 'बाण' या शब्दासमोर ण ऐवजी ञ चे चिन्ह आढळले. ध्वनिलिपीत या दोन्ही चिन्हांचा मूळ आकार रोमन एनचाच आहे. ण ची शेपटी उजव्या पायाला असते आणि ञ ची डाव्या पायाला. त्यांचे संकेतांकही शेजारी शेजारी आहेत : ञ चा ०२७२ आणि ण चा ०२७३. एक अंक चुकला की ध्वनी बदलतो आणि लहान अक्षरात ते डोळ्यांना कळतही नाही. महाप्राणाच्या चिन्हांचेही असेच आहे. ख, फ यांसाठीचा वर चढवलेला छोटा एच ०२b० वर आहे, तर घ, भ यांसाठीचा, माथ्याला आकडी असलेला, त्याच्या लगेच पुढच्या स्थानावर आहे. पाठ केलेल्या संकेतांकांवर विसंबून मोठी यादी करू नये, असे माझे ठाम मत तेव्हाच झाले.

दुसऱ्या महिन्यात मायक्रोसॉफ्ट कीबोर्ड लेआउट क्रिएटर वापरून स्वतःचा कळफलक केला. त्यात सर्वांत उपयोगी पडली ती डेड की, म्हणजे दाबल्यावर स्वतः काही न उमटवता पुढच्या अक्षराचे रूप बदलणारी कळ. ध्वनिलिपीतील मूर्धन्य व्यंजनांची रचना एकसारखी आहे : ट, ड, ण, ष, ळ या सर्वांच्या चिन्हांत मूळ रोमन अक्षराला खाली उजवीकडे वळलेली शेपटी असते. म्हणून अर्धविरामाच्या कळेला मी 'शेपटी' हे काम दिले. अर्धविराम आणि मग टी दाबले की ट, डी दाबले की ड, एन दाबले की ण आणि एल दाबले की ळ. चिन्हाच्या घडणीतच नियम असल्यामुळे बोटांना तो दोन दिवसांत बसला आणि 'बाण' पुन्हा चुकला नाही.

च वर्गाने मात्र बराच काळ घेतला. 'चूल' मधल्या दंततालव्य च साठी टी आणि एस ही दोन अक्षरे लिहून त्यांच्यावर एक जोडकमान द्यावी लागते. तिचा संकेतांक ०३६१ असून ती पहिल्या अक्षरानंतर आणि दुसऱ्याच्या आधी टाइप करायची असते; मी ती दोन्ही अक्षरांनंतर देत होतो, त्यामुळे ती एसच्या आणि पुढच्या स्वराच्या डोक्यावर जाऊन बसत असे. डेड कीमधून एका वेळी एकच संकेतांक बाहेर पडतो, म्हणून तिथे हे त्रिकूट बसत नाही. साध्या कळेला मात्र चार संकेतांकांपर्यंतची साखळी जोडता येते. 'झाड' मधल्या दंततालव्य झ साठी डी, कमान, झेड आणि महाप्राणाचे चिन्ह असे नेमके चारच लागतात, हे मोजून पाहिल्यावर मला फार आनंद झाला. आता उजव्या ऑल्टबरोबर एकेक कळ दाबून च, ज, झ यांचे दंततालव्य उच्चार पूर्ण उमटतात. फॉन्ट मी चॅरिस एसआयएल ठेवला आहे. त्यात कमान दोन्ही अक्षरांच्या बरोबर मध्ये येते.

तिसऱ्या महिन्यात अडचण आली ती डाव्या रकान्यात, म्हणजे देवनागरीतच. 'दऱ्या' शोधला की काही नोंदी सापडत आणि काही डोळ्यांसमोर असूनही सापडत नसत. कारण हा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो : ऱ, हलन्त आणि य असा, किंवा साधा र, हलन्त, डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह आणि य असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. र खाली नुक्ता देऊन लिहिलेला ऱ आणि एकाच संकेतांकाचा ऱ हे दोन्ही युनिकोडच्या प्रमाणीकरणात, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे सारखी करण्याच्या प्रक्रियेत, एक होतात. जोडचिन्हाचे रूप होत नाही. ॲ चेही तसेच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या मजकुरात अ वर चंद्र देऊन ते लिहिलेले आढळते आणि प्रमाणीकरणाने ती दोन रूपे जुळत नाहीत. उजव्या रकान्यात मी दीर्घत्वासाठी काही ठिकाणी साधा विसर्गासारखा दिसणारा कोलन टाकला होता, त्याचीही हीच कथा; दीर्घत्वाच्या खऱ्या चिन्हात दोन ठिपके नसून एकमेकांकडे टोके केलेले दोन छोटे त्रिकोण असतात.

या तिन्ही गोष्टी शोधून आणि बदलून मी एकरूप केल्या. 'दऱ्या' साठी इनस्क्रिप्ट या देवनागरीच्या प्रमाण कळफलकातील शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ, हाच क्रम पक्का केला आहे, कारण त्यात न दिसणारे काही मागे राहत नाही.

कळफलकात एक उणीव अजून आहे. जोडकमानीच्या त्रिकुटानंतर बॅकस्पेस दाबली की फक्त शेवटचे अक्षर जाते आणि कमान टीवर तरंगत राहते, त्यामुळे चूक दुरुस्त करताना तीन वेळा पुसावे लागते. या महिन्यात झ ने सुरू होणारे शब्द पुन्हा कानाने तपासायचे आहेत. त्यांतले काही मी जोडकमानीची कळ तयार होण्यापूर्वी, घाईत, सरसकट तालव्य लिहून ठेवले होते.