पाठकोरे कागद

30 जून 2022, गुरुवार. श्रीलंकेत कटुनायकेच्या फ्री ट्रेड झोनमधल्या एका कपड्यांच्या कारखान्यात मी क्वालिटीचं काम बघायचे. देशातलं इंधन संपत आलं होतं. 10 जुलैपर्यंत पेट्रोल-डिझेल फक्त अत्यावश्यक सेवांना, असं सोमवारीच जाहीर झालं होतं. आमच्या दोन बस त्या दिवशी आल्याच नाहीत. बायका चालत, सायकलवर, जमेल तशा आल्या.

साडेदहाच्या सुमारास कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशिनवरची एक बाई तिथेच कोसळली. तिला सगळे अक्का म्हणत. सिंहलीतही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात. मी इचलकरंजीची, तो शब्द मला पहिल्या दिवसापासून घरचा वाटला होता.

नर्सने विचारलं, रात्री काय जेवलात? अक्का गप्प. शेजारच्या मशिनवरची मुलगी रागानेच म्हणाली, "मिस, ही कारखान्यातलं दुपारच्या जेवणाचं पाकीट उघडतच नाही. घरी नेते."

पाकिटात भात, परिप्पू म्हणजे मसुरीची आमटी, कधी पोल संबोल म्हणजे ओल्या खोबऱ्याची चटणी. रात्री ते एक पाकीट तिघांत, ती आणि दोन मुलं. पगार तोच, आणि खाण्याच्या वस्तू वर्षभरात 80 टक्क्यांनी महागलेल्या. गॅससाठी दोन दिवस रांगेत उभी राहूनही सिलिंडर मिळाला नव्हता. दरवर्षी पोलोन्नरुवाहून तिचे वडील तांदळाचं पोतं पाठवायचे. 2021 मध्ये सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली, त्यांचं भाताचं पीक निम्म्यावर आलं, यंदा पोतं आलं नाही. हे सांगताना तिचा आवाज खाली गेला. वडिलांना किती लाजल्यासारखं झालं असेल, याचंच तिला वाईट वाटत होतं.

माझ्या फाइलमध्ये तिच्या नावापुढे तीन आठवडे लाल शेरे होते : पीस कमी, टाके सुटलेले. माझ्याच हातचे. सुई बदलून दिली होती, दोरा तपासला होता, दिवा जवळ घ्यायला लावला होता. जेवलीस का, एवढं विचारलं नव्हतं.

जास्तीचं पाकीट मागायला मी मॅनेजरकडे गेले. "एकीला दिलं तर सगळ्या मागतील." मी म्हटलं, मागू देत, त्यांच्याही घरी चूल बंद आहे. बराच वेळ वाद झाला. शेवटी ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांना संध्याकाळी एक पाकीट, एवढं पदरात पडलं. तेही जुलैपुरतं. ते फार थोडं होतं, असं मला आजही वाटतं.

सुटी झाल्यावर अक्का कटिंगच्या दाराशी उभी होती. "मिस, मार्करचे कागद फेकता ना, ते नेऊ?"

कापड कापायच्या आधी थरावर अंथरतात तो लांबलचक कागद. एका बाजूला नमुन्याच्या रेघा, मागून कोरा. मार्चमध्ये कागदच नाही म्हणून तिच्या मुलीची परीक्षा रद्द झाली होती, आता शाळा बंद होती, आणि वह्या परवडत नव्हत्या.

लहानपणी आम्ही असल्या पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवायचो. कशा घड्या घालायच्या, कुठे टाका मारायचा, ते मी तिला दाखवलं. तिने गुंडाळी सायकलच्या कॅरियरला सुतळीने बांधली, पाकिटाची पिशवी हँडलला अडकवली आणि उजेड आहे तोवर निघाली.