सहाव्या दिवशीची रात्र

"डॉक्टरानू, चेडू निजेत सारखा गिळता." रात्री अडीचला आईचा फोन. रक्त थुंकली का, तर नाही. तरी म्हटलं, असाल तसे निघा. टॉन्सिल काढलेलं मूल झोपेत रक्त थुंकत नाही, गिळत राहतं. पोट भरलं की काळी उलटी. ही खूण त्या माउलीने बरोबर हेरली होती.

आचऱ्याहून कणकवलीला पावसात यायला तास-सव्वातास. तेवढ्यात मी थिएटर उघडून घेतलं. छत्री मिटता मिटता भूलतज्ज्ञ म्हणाले, "पोटात रक्त असणार." त्यांची धास्ती खरी, तशा पोटावर भूल म्हणजे उलटी फुफ्फुसात जायची भीती. घशात उजवा टॉन्सिल काढलेल्या खड्ड्यात जांभळाएवढी गुठळी होती. पोरगी नऊ वर्षांची, पण धीराची. गुठळी सक्शनने ओढली, रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या अ‍ॅड्रिनॅलिनचा बोळा दाबून धरला. थांबलं. भूल द्यावी लागली नाही.

ऑपरेशनचा सहावा दिवस. पाच ते दहा हे खपली सुटायचे दिवस, तेव्हाच हा रक्तस्राव होतो. घरी जाताना मी पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आणि भरपूर पाणी एवढंच सांगितलं होतं. मुलांच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनला सरसकट अँटिबायोटिक देऊ नका, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा अकादमीने २०११ मध्ये सांगितलं, २०१९ मध्ये पुन्हा. नंतरचा रक्तस्राव त्याने कमी होतो, असं चाचण्यांत दिसलेलं नाही. जिथे लागतं तिथे मी देतोच. तोंडाच्या कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशनला चीर देण्याआधी तासाभराच्या आत सेफाझोलिन हे अँटिबायोटिक गेलंच पाहिजे, वॉर्डात सकाळी टोचून ठेवलेलं चालत नाही. यावरून माझी सिस्टरांशी भांडणं झाली आहेत.

पण या पोरीला चौथ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी टॉर्च मारून 'पू झालाय' असं सांगून ठेवलं होतं. टॉन्सिलच्या जागी पांढरी साय धरतेच, तो पू नव्हे. एमबीबीएसच्या पोरालाही हे ठाऊक हवं.

भरती करताना मी स्वतःच अँटिबायोटिकचं इंजेक्शन लिहिलं. रक्तस्रावाने आलेल्या पेशंटला द्यायचा रिवाज आहे. त्याला पुरावा विचारलात तर माझ्याकडे नाही. आजोबा सलाईनकडे बघत होते. "ह्याच आधी दिलात असतात तर?" मी साय, खपली, सगळं समजावलं. त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नव्हे.

मंगळवारी पुढच्या पेशंटचं टॉन्सिलचं ऑपरेशन झालं. डिस्चार्ज कार्डावर सिस्टरने सवयीने 'अमॉक्सिसिलिन, पाच दिवस' लिहून ठेवलं होतं. एरवी मी खोडतो. त्या दिवशी खाली सही केली.