दीडशे घरची मोलकरीण

दीडशे वेळा मोलकरीण. हा आकडा हॉलिवूडमधली नटी लूपे ओंतिवेरोस स्वतःच सांगायची, अंदाजाने, नाटक सिनेमा टीव्ही सगळं धरून. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा आधी हसू आलं आणि मग वाटलं की बाप रे, दीडशे घरचं धुणंभांडी केर-फरशी, आणि तेही सगळं कॅमेऱ्यासमोर!

नाव ऐकून लक्षात येणार नाही कदाचित, पण तुम्ही लहानपणी 'द गूनीज' बघितला असेल (१९८५ चा, पोरं खजिना शोधायला जातात तो) तर ती तुम्ही पाहिलीये. घर रिकामं करायचंय म्हणून आई रोझालिता नावाच्या बाईला कामाला बोलावते, तिला इंग्लिश येत नाही, मग मुलाचा मित्र मी स्पॅनिशमध्ये सांगतो म्हणून पुढे येतो आणि तो आगाऊ कार्टा सांगतो काय, तर या खणात गांजा ठेवायचा, त्याच्या खालच्यात कोकेन, सगळं वेगवेगळं ठेवायचं बरं का. ती बिचारी घाबरून देवाचं नाव घ्यायला लागते आणि आपण खो खो हसतो. आता यातली खरी गंमत अशी की रोझालिता झालेली ही बाई टेक्सासमधल्या एल पासोमध्ये जन्मलेली (१९४२), आईवडील मेक्सिकोहून आलेले, त्यांचा स्वतःचा टॉर्टियाचा कारखाना आणि दोन रेस्टॉरंट्स. म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. ही टेक्सास विमेन्स युनिव्हर्सिटीतून शिकलेली, नंतर जवळजवळ १८ वर्षं सोशल वर्कर. इंग्लिश तर तिचं घरचंच. त्या सेटवर इंग्लिश न कळण्याचा अभिनय करायचे पैसे ती घेत होती.

आणि तिने हे उघड बोलूनही दाखवलंय, की मी ऑडिशनला जाऊन नीट इंग्लिश बोलले तर रोल मिळत नाही. मोडकंतोडकं, हेल काढून बोललं की मिळतो.

हे वाचल्यावर मला एकदम आपला लक्ष्या आठवला. इकडे मराठीत त्याच्या नावावर थिएटरं भरायची आणि 'हम आपके हैं कौन'मध्ये तो कोण, तर लल्लू, घरातला नोकर. काम झकासच केलंय त्याने, वाद नाही. पण हिंदी सिरियलमधली कामवाली बघा ना, दहातल्या आठ वेळा कांताबाई नाहीतर शांताबाई, पदर खोचलेला आणि हिंदीत मुद्दाम घुसडलेलं 'अगो बाई'. आपणही ते बघतो आणि हसतो की! म्हणून हॉलिवूडला फार नावं ठेवायला मला जमत नाही. असो.

तर लूपे. सिनेमात एक्स्ट्रा म्हणून गर्दीत उभी राहायला माणसं हवीत हे कुठेतरी वाचून ती या धंद्यात आली म्हणे, वय तिशीच्या पुढे, पदरात मुलं. 'झूट सूट' हे लुईस वाल्देझचं नाटक लॉस एंजेलिसमध्ये १९७८ ला आलं त्यात तिने आईचं काम केलं आणि मग नाटकाबरोबर ती ब्रॉडवेलाही गेली. मग १९८३ चा 'एल नोर्ते'. ग्वातेमालातून जीव वाचवून पळालेली बहीणभाऊ लॉस एंजेलिसला पोचतात, त्यातल्या रोसाला सांभाळून घेणारी, कपडे कुठे घ्यायचे, काम कसं मिळवायचं हे शिकवणारी नाचा म्हणजे लूपे. ही पण साफसफाईचीच कामं करणारी बाई, पण काय बाई आहे! मला वाटतं सोशल वर्कर असताना अशा कितीतरी नाचा तिने जवळून पाहिल्या असणार, त्याशिवाय एवढा बेरकी आणि एवढा मायाळू चेहरा एकाच वेळी आणता येत नाही. बरं, या रोल्सची तिला लाज अजिबात नव्हती. मोलकरणी कष्टाने पोट भरतात, मी त्यांना मान देऊनच त्यांचं काम करते असंच तिचं म्हणणं. पण त्याच दमात हेही, की मला जज व्हायचंय, नगरसेविका व्हायचंय, ते रोल कुठायत? दोन्ही खरं असू शकतं, आपण उगाच एक निवडायला बसतो.

१९९७ मध्ये तर कमालच. एकीकडे जॅक निकल्सनच्या 'ॲज गुड ॲज इट गेट्स'मध्ये परत घरकामवाली आणि त्याच वर्षी 'सेलेना'मध्ये योलांदा साल्दिवार, म्हणजे जिने सेलेना या लाडक्या गायिकेला गोळी घातली ती. खरी घटना मार्च १९९५ ची, टेक्सासमधली, जखम पार ताजी. लोकांना नको असलेला चेहरा घेऊन उभं राहायला धाडस लागतं. मग २००० मध्ये 'चक अँड बक', एका छोट्या थिएटरची मॅनेजर, फटकळ, कामाशी काम. नाव बेव्हर्ली, हातात झाडू नाही, आणि समीक्षकांना एकदम साक्षात्कार झाला की अरे ही ॲक्ट्रेस आहे!

पण माझी सगळ्यात आवडती म्हणजे 'रिअल विमेन हॅव कर्व्ह्ज'मधली कार्मेन. २००२ चा सिनेमा, ईस्ट लॉस एंजेलिसमधलं शिवणकामाचं छोटं वर्कशॉप, उकाड्याने जीव चाललेला, पोरीला कॉलेजला जायचंय आणि आईचं म्हणणं की किती जाडी झालीस, कोण करणार तुझ्याशी लग्न, बस इथे मशीनवर. ही आई मला नवीन वाटेचना, हिच्या चार बहिणी तर आमच्याच कॉलनीत राहतात. मधे तिला वाटतं आपल्याला या वयात दिवस गेलेत आणि ती मनातून चक्क सुखावलेली असते, डॉक्टरांकडे गेल्यावर कळतं की पाळी जायची वेळ आलीये. तो तिचा पडलेला चेहरा! आणि शेवटी पोरगी निघते तर ही खोलीबाहेर येत नाही, निरोप नाही, आशीर्वाद नाही. दुसऱ्या कुठल्याही नटीने तिथे डोळे पुसून प्रेक्षकांची सहानुभूती मिळवली असती, ही अडून बसते ती बसतेच. पोरगी झाली होती अमेरिका फेरेरा, पहिलाच सिनेमा. सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला ज्युरीने दोघींना मिळून बक्षीस दिलं ते फार बरोबर केलं, कारण दोघींपैकी एक नसती तर दुसरी जमलीच नसती.

नंतर २००४ मध्ये 'डेस्परेट हाउसवाइव्ह्ज' या टीव्ही सिरियलमध्ये ती सासू होऊन आली, हुआनिता सोलिस, आणि आपल्याकडच्या सासवांनी शिकवणी लावावी अशी. सुनेवर पाळत ठेवते, तिला माळीबुवांबरोबर रंगेहाथ पकडते, फोटो काढून तडक रस्त्यावर धावते आणि गाडीखाली येते. कोमात. मग शुद्धीवर येते, जिन्यावरून गडगडते आणि मरता मरता सगळं सत्य नर्सला सांगते, तर त्या नर्सच्या कानात हेडफोन! २०१२ मध्ये लूपे गेली, लिव्हर कॅन्सरने, आणि तेव्हाही बातम्यांमध्ये तोच दीडशेचा आकडा. या सासूसाठी तिला एमीचं (अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार) नॉमिनेशन मिळालं होतं पण २००५ चं ते बक्षीस गेलं त्याच सिरियलमधल्या शेजारच्या म्हातारीला, कॅथरिन जूस्टनला. तीही छानच होती, पण माझं मत सासूला.