चेन्नईच्या ट्रॅकवर जुनी एस्टीम: बेअरिंगने खाल्लेला वीकेंड

मुंबईत ‘रेसला चाललोय’ म्हटलं की शेजारचे काका अजूनही महालक्ष्मीला कोणता घोडा लावलास म्हणून विचारतात. मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक आपल्या शहरात नाही. राष्ट्रीय पातळीच्या शर्यती बहुतेक तमिळनाडूतच होतात. एक कोइमतूरजवळचा कारी ट्रॅक, एस. करिवर्धन यांच्या नावाचा. दुसरा चेन्नईच्या अलीकडचा इरुंगट्टुकोट्टईचा, 3.7 किलोमीटरचा आणि 12 वळणांचा. 1990 साली तो सुरू होण्याआधी तिकडचे लोक शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर गाड्या पळवायचे. आम्ही गेलो ते इरुंगट्टुकोट्टईला. मुंबईकराला तिथला रस्ता विचारावा लागत नाही. पनवेल-पुणे-कोल्हापूर-बंगळूर असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग 48 धरायचा आणि सुमारे 1300 किलोमीटर सोडायचा नाही. ट्रॅक त्याच रस्त्याला लागून आहे.

गाडी म्हणजे जुनी मारुती एस्टीम, 1298 सीसी. हौशी लोकांत ती अजून टिकून आहे, कारण हलकी आहे, इंजिन मार सोसतं आणि सुटे भाग अजून मिळतात. आमचे निम्मे भाग ऑपेरा हाउसच्या दुकानांतून आणि उरलेले कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आलेले. सोबत आमचे मेस्त्री, मूळचे मालवणचे, आणि माझा आतेभाऊ. तो टायर उचलायला आला होता, पण वीकेंडभर त्याने वाहतूक खातंच सांभाळलं.

गाडी ट्रकवर चढवून पाठवली आणि आम्ही रेल्वेने गेलो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हेच करावं. शर्यतीची गाडी रस्त्यावरून चालवत नेणं कायद्यात बसत नाही आणि कमरेलाही परवडत नाही. मुंबईहून चेन्नईला जाणाऱ्या गाड्या अरक्कोणमवरून जातात. तुमची गाडी थांबत असेल तर तिथेच उतरा, म्हणजे चेन्नईच्या वाहतुकीत न शिरता श्रीपेरुम्बुदूर गाठता येतं. लॉजचं मात्र आधी बघा. ट्रॅकच्या शेजारीच ह्युंदाईचा कारखाना आहे, आजूबाजूला इतरही बरेच आहेत, त्यामुळे खोल्या कंपन्यांच्या पाहुण्यांनी भरलेल्या असतात. त्याच पाहुण्यांमुळे तिथे कोरियन खानावळीही आहेत. मेस्त्रींनी एकीचा फलक लांबूनच बघितला आणि इडलीवर समाधान मानलं.

शुक्रवारी सरावात पहिलंच दुखणं निघालं ते ब्रेकचं. एक वळण वेगात घेतलं, लगेच पुढच्यासाठी पाय दाबला, तर पेडल अर्ध्यापर्यंत पोकळ गेलं. जीव मुठीत धरून पुन्हा दाबलं, तर एकदम घट्ट. पुढची दोन वळणं ठीक. पुन्हा तेच वेगाचं वळण आलं आणि पुन्हा पोकळ.

पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी थांबवून दुरुस्त करतात तिथे, आल्यावर सगळ्यांचं एकमत: ब्रेक ऑइल उकळलं. शंका चुकीची नव्हती. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्याला पाण्याला तोटा नाही. डॉट 4 दर्जाचं ताजं तेल किमान 230 अंशांपर्यंत उकळता कामा नये. तेच तेल पाणी प्यायलं की ही मर्यादा 155 वर येते. डॉट 3 तर 205 वरून 140 वर. जुलैत उघडून फळीवर ठेवलेला अर्धा डबा सप्टेंबरात ट्रॅकवर नेऊ नका, सीलबंद डबे न्या. आणि डॉट 5.1 चांगलं म्हणून कोणी डॉट 5 हातात ठेवलं तर परत करा. ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही.

आम्ही चारही चाकांची हवा काढली, सीलबंद डब्यातलं नवं तेल भरलं. दुपारच्या सत्रात तीच रड. मग पॅडॉकमधला, म्हणजे पिटमागच्या तंबूंतला, प्रत्येक जण डॉक्टर झाला. एकाने मास्टर सिलिंडर सांगितला, एकाने होस पाइप, एकाने थेट माझा पाय. शेजारच्या तंबूत कोल्हापूरची मंडळी होती. त्यांतल्या एकाने बराच वेळ बघून शांतपणे विचारलं, “पाव्हणं, सकाळपास्नं तेलच बदलताय, चाक हलवून बघितलं का?”

मेस्त्रींना ते लागलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. पण संध्याकाळी ट्रॅक बंद झाल्यावर, जनरेटर थांबल्यावर, त्यांनी पुढचं उजवं चाक जॅकवर घेतलं, एक हात स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्याने चाक फिरवलं. मला म्हणाले, “हात लाव रे हडे. कुरकुरता हा.” स्प्रिंगमधून बोटांना बारीक खरखर लागत होती. बेअरिंग गेलं होतं.

इथे थोडं थांबतो, कारण आमच्या मागून जाणाऱ्याचा अख्खा शुक्रवार यात वाचेल. बेअरिंगमध्ये खेळ, म्हणजे सैलपणा, आला की वेगाच्या वळणात हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) किंचित तिरका होतो, त्याच्याबरोबर ब्रेकची डिस्क हलते आणि ती ब्रेकचे पॅड मागे ढकलते. पुढच्या वेळी पाय दाबला की आधी तो पॅड जागेवर यायलाच पेडल खर्ची पडतं. म्हणून पहिला दाब पोकळ आणि दुसरा घट्ट. तेल उकळलेलं असेल तर पेडल स्पंजासारखं मऊ लागतं आणि गाडी थंड होईपर्यंत तसंच राहतं, कुठल्या वळणानंतर दाबलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दोन्हींत चालक पिटमध्ये येऊन एकच वाक्य बोलतो: ‘ब्रेक लागत नाही’. म्हणून चालकाने कुठे, कितव्या दाबाला, कुठल्या वळणानंतर, हे सगळं सांगायला हवं. आणि चाक जॅकवर घेऊन वर-खाली पकडून हलवा. तसं हललं तर संशय बेअरिंगवर, डावी-उजवीकडे पकडल्यावरच हललं तर स्टिअरिंगच्या टाय रॉडच्या टोकांवर. ट्रॅकवर चालवताना कानही वापरा. डाव्या वळणात घरघर वाढली तर भार उजव्या चाकावर आहे, म्हणजे उजवं बेअरिंग तपासा.

दुखणं कळलं, पण औषध पॅडॉकमध्ये नव्हतं. एस्टीमचं पुढचं बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे चाकामागच्या ज्या लोखंडी भागात हब फिरतो त्यात, दाबून बसवलेलं असतं, ते काढा-घालायला हायड्रॉलिक प्रेस लागते. शनिवारी सकाळी मेस्त्रींनी नकल खोलून श्रीपेरुम्बुदूरच्या एका लेथवाल्याकडे नेली. तिथे प्रेसने काढलेलं खराब बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतेभाऊ चेन्नईतल्या पुदुपेटला गेला. आपल्या कुर्ल्यासारखाच तो सुट्या भागांचा बाजार. तमिळचं एक अक्षर त्याला येत नाही, पण बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो दाखवला की काम होतं. तोवर मेस्त्री लेथवाल्याकडेच बसले होते. पात्रता फेरी आमच्याशिवाय पार पडली.

आतेभाऊ परतल्यावर लेथवाल्याने जुनं बेअरिंग कापून उघडलं. आतल्या कडीवर सारख्या अंतरावर खड्डे पडलेले, जितके गोळे तितके. मेस्त्री म्हणाले, मुंबईत ज्याने हे बसवलं त्याने प्रेस न वापरता हातोडी मारली असणार. लेथवाल्याने मान हलवली आणि खड्ड्यांतली तांबूस भुकटी नखाने काढून दाखवली. हातोडीच्या खड्ड्यात अशी भुकटी नसते, ती घासण्याने होते. उभ्या गाडीची चाकं फिरत नाहीत, पण ट्रक हादरत असतो. गोळे जागच्या जागी त्याच ठिकाणी थरथरत राहतात, ग्रीस बाजूला सरतं आणि धातू धातूला खातो. अमेरिकेत 1930 च्या दशकात रेल्वेने पाठवलेल्या कोऱ्या मोटारींच्या बेअरिंगांवर असेच डाग सापडले होते. मला लेथवाल्याचं पटलं. मेस्त्रींना अजून पटलेलं नाही, आणि बेअरिंग आधीपासून कमकुवत असेल तर दोघेही थोडेथोडे बरोबर असतील. निष्कर्ष मात्र दोन्हींकडून एकच: सुटं बेअरिंग नेऊन उपयोग नाही. बेअरिंग आणि हब बसवलेली अख्खी नकल, डावी आणि उजवी, घरूनच तयार करून न्या. जुनी नकल सीएसटी रोडला मिळते. मग हेच काम प्रेसशिवाय, नुसत्या पाना आणि जॅकवर, तासा-दीड तासाचं.

रविवारी पहाटे मेस्त्री आदिकेशव पेरुमाळाच्या देवळात जाऊन आले. रामानुजाचार्यांचं जन्मगाव ते, एवढ्या लांब येऊन तसंच परतायचं नाही असं त्यांचं म्हणणं. पात्रता वेळ नसल्यामुळे स्टुअर्डांकडे, म्हणजे शर्यतीच्या पंचांकडे, अर्ज करून ग्रिडच्या (सुरुवातीच्या रांगेच्या) शेपटाला उभं राहायची परवानगी मिळाली. हा अर्ज असतो हेच बऱ्याच नवख्यांना माहीत नसतं आणि ते शनिवारीच सामान बांधतात. बांधू नका, ऑफिसात जाऊन विचारा.

शर्यतीत पेडल पहिल्या दाबाला घट्ट होतं. तीन गाड्या मागे टाकल्या. मग शेवटच्या काही लॅपमध्ये लांब उजव्या वळणात इंजिन आचके देऊ लागलं. प्लग नाही, कॉइल नाही. गाडी हलकी राहावी म्हणून टाकी सगळेच अर्ध्याखाली ठेवतात. लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंपाच्या तोंडाला हवा लागते. त्या एका वळणात ॲक्सिलरेटर सोडून चालवलं, मागे टाकलेल्यांपैकी दोघे पुढे गेले, शर्यत संपल्याचा झेंडा मात्र बघितला. दहा लिटर पेट्रोल म्हणजे साडेसात किलोच्या आसपास वजन. हौशी चालकाने ते निमूट वाहावं.

कागदपत्रांचं थोडक्यात: एफएमएससीआयचा, म्हणजे देशातल्या मोटार शर्यतींच्या महासंघाचा, परवाना लागतो, त्यासाठी वैद्यकीय दाखला लागतो, दोन्ही आठवडाभर आधी हातात हवेत. हेल्मेट मोटरसायकलचं चालत नाही, मोटार शर्यतीच्या दर्जाचंच हवं. स्क्रुटिनीत, म्हणजे शर्यतीआधी गाडीच्या तपासणीत, बॅटरी कशी बांधली आहे, कट-ऑफ स्विच, अग्निशामक, टो हुक हे हात लावून बघतात.

परतीला गाडी ट्रकवर चढवताना लेथवाल्याचं ऐकलं. आधी पट्टे चॅसिसला बांधले होते, आता चारही टायरांवरून घेतले, म्हणजे चाकं पक्की राहतात आणि वरचं अंग आपल्या स्प्रिंगवर हलतं. ड्रायव्हरला चहा-पाण्याचे पैसे वेगळे दिले आणि सांगितलं की चित्रदुर्ग, हुबळी, कोल्हापूर, जिथे जेवायला थांबशील तिथे पट्टे सैल करून गाडी वीतभर पुढेमागे ढकल आणि पुन्हा आवळ, म्हणजे गोळ्यांची जागा बदलते. त्याने ते केलं की नाही ते मेस्त्री पुढच्या आठवड्यात चाक फिरवून सांगतील.