दशक सुटा करताना

दोन इयत्ता एकाच खोलीत बसणाऱ्या शाळेत दशक-एकक शिकवायला काड्यांसारखं साधन नाही. मुलांच्या एका जोडीला 50 काड्या आणि 5 रबर पुरतात. गठ्ठे मात्र आयते देऊ नका! दहा काड्या मुलानं स्वतः मोजून बांधल्या नाहीत, तर तो गठ्ठा त्याच्या लेखी नुसता ‘एक’ राहतो.

32 मधून 7 काढायला सांगा. सुट्या काड्या दोनच. गठ्ठा सोडावा लागतो, 12 सुट्या होतात, 25 उरतात. थेट वहीत उदाहरण दिलं की बरीच मुलं 7 मधून 2 वजा करून 35 लिहितात. म्हणून आधी काड्या, मग चित्र, शेवटी उभी मांडणी. रबर लवकर तुटतात, सुतळीचे तुकडे टिकतात.