पडणारी लगोरी

वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात शिरलात की डाव्या भिंतीवर एक पिवळी पडलेली पाटी दिसेल : ‘मखरांना हात लावू नये.’ ती बाबांची. नौपाड्यातल्या दोन खोल्यांत आषाढ लागला की पलंगावरसुद्धा थर्माकोलचे खांब निजलेले असायचे, आणि आम्ही भावंडं खाली सतरंजीवर. बाबा तापलेल्या तारेनं कमानी कापायचे. त्याचे दाणे केसांत, गाद्यांत, एकदा तर वरणातसुद्धा सापडले होते.

२३ मार्च २०१८ ला, पाडव्यानंतर पाचच दिवसांनी, राज्यात प्लास्टिक-थर्माकोलबंदीची अधिसूचना निघाली. त्या गणपतीपुरती तरी सूट मिळावी म्हणून थर्माकोलवाले उच्च न्यायालयात गेले, पण मिळाली नाही. आमचा माळा शीटनी भरलेला. खरं सांगायचं तर बंदी चुकीची आहे असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. विसर्जनानंतर तळ्याकाठी काय तरंगतं ते आम्हीच बघत होतो. पण हे बाबांसमोर बोलायची माझी टाप नव्हती.

मग प्लायवूड, पुठ्ठा, पुढे लोखंडी पाइप आणि फायबर. दुकानांचे बोर्ड केले, स्नेहसंमेलनांचे सेट केले. टाळेबंदीत सगळंच बसलं, त्याचं रडगाणं इथे नको.

वळण आलं ते घोडबंदर रोडवरच्या एका मॉलच्या कामानं. उन्हाळी सुट्टीसाठी मधल्या उघड्या चौकात ‘लहानपणीचे खेळ’ मांडायचे होते. आम्ही पुरुषभर उंच भोवरा केला, जाळी म्हणून त्याला नारळाचा जाड काथ्या गुंडाळला. लगोरीच्या सात चकत्या फायबरच्या, खालची चार फुटांची, आणि सगळ्या मधोमध एका पाइपाला वेल्ड केलेल्या. मखरवाल्याचं डोकं! वस्तू उभी राहिली पाहिजे, हलता कामा नये.

पहिल्याच संध्याकाळी एका पोरानं धावत येऊन लगोरीला खांदा दिला. ती हलली नाही. त्यानं दुसऱ्यांदा दिला. मग आईकडे वळून म्हणाला, “ही पडतच नाही.” आणि आइस्क्रीमकडे निघून गेला. मी तिथेच उभी होते. इतकं अचूक परीक्षण त्याआधी आणि त्यानंतर आमच्या कामाचं कुणी केलेलं नाही.

लगोरी आम्ही त्याच रात्री उतरवली. नव्या चकत्या फोमच्या, वर रेक्झिन, आतल्या पाइपाला सुट्टी. मॉलच्या व्यवस्थापकांचा प्रश्न रास्त होता : रोज त्या रचणार कोण? पोरंच रचतात, हे त्यांना आठवड्यानं पटलं. एक चकती मात्र वारंवार गायब व्हायची. शेवटी कळलं, रात्रपाळीच्या वॉचमनकाकांना ती बसायला आवडायची. आम्ही त्यांच्यासाठी आठवी शिवून दिली.

सागरगोट्यांची फजिती पूर्णपणे माझी. गजग्याच्या बिया राखाडी असतात म्हणून मी हट्टानं तोच गडद राखाडी रंग मारायला लावला, प्रत्येक गोटा रांजणाएवढा. लहानपणी आपण सागरगोटा फरशीवर घासून शेजारणीच्या हाताला चटका द्यायचो ना? इथे मे महिन्याच्या उन्हानं ते काम न घासताच केलं. दोन दिवसांत सगळे फिक्या रंगात पुन्हा रंगवले, वर कापडी छत. रंगाचा खर्च आमच्या खिशातून.

विटीदांडू खेळायला ठेवणं शक्यच नव्हतं, एखाद्याचा डोळा गेला असता. म्हणून विटी फरशीला ठोकून टाकली आणि तिच्यापासून पुढे जमिनीवर मोजणी रंगवायची ठरवली. त्यावरून गाळ्यात जे भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही. वकट, लेंड, मूंड, नाल इथपर्यंत एकमत. पुढे पेंटर कोकणातला, वेल्डर नगरचा, प्रत्येकाच्या आळीचं वेगळं. आमचा सोलापूरचा कटिंगवाला, घरी तेलुगू बोलणारा, शांतपणे चहा पीत म्हणाला, “ताई, हे आमचे आकडे आहेत. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु.” सगळे गप्प. इतकी वर्षं आम्ही ठाण्याच्या गल्लीत तेलुगूत दांडू मोजत होतो! चारच शब्द रंगवले, पुढची जागा कोरी सोडली. तिथे आजोबा मंडळी थांबून वाद घालायची, ती मॉलला फुकटात मिळालेली करमणूक.

बाबांना शेवटच्या रविवारी नेलं. त्यांनी आधी भोवऱ्याच्या सांध्यावरून अंगठा फिरवला आणि “इथे पुट्टी कमी पडली” असं सुनावलं. मग लगोरीसमोर उभे राहिले. रबरी चेंडू एका मुलीनं त्यांच्या हातात दिला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, नेम धरला, आणि चुकवला.

“पुन्हा टाका आजोबा,” ती म्हणाली.