रिजनरेशन वाढवलं की तापमान का नाचतं

पाश्चरायझरमध्ये रिजनरेशनच्या, म्हणजे बाहेर जाणाऱ्या गरम दुधाने आत येणारं गार कच्चं दूध तापवणाऱ्या, प्लेटा वाढवल्या की वाफ वाचते, दूध गार करणाऱ्या चिलरवरचा भारही उतरतो. यात खोट काही नाही. पण त्यानंतर दूध सारखं डायव्हर्ट व्हायला, म्हणजे पुरेसं न तापल्याने मागे वळवलं जायला, लागलं की खापर तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर फुटतं आणि कोणीतरी पीआयडीचे (कंट्रोलर चुकीला किती जोराने उत्तर देतो ते ठरवणारे) आकडे बदलत बसतो. दोष बहुतेक वेळा तिथे नसतो.

तासाला 10,000 लिटरचा सेट घेऊ. कच्चं दूध 5 अंशांवर येतं आणि 72 अंशांवर 15 सेकंद राहतं. काही डेअऱ्या याहून वरच्या तापमानावर चालवतात. तिथे आकडे बदलतील, हिशोब तोच. ही 67 अंशांची चढण नुसत्या वाफेवर चढायची तर साधारण 750 किलोवॅट लागतील. 90 टक्के रिजनरेशन असेल, म्हणजे चढणीचा 90 टक्के भाग गरम दूधच चढवत असेल, तर वाफेच्या वाट्याला 75 किलोवॅट उरतात, 94 टक्के असेल तर 45. म्हणजे तासाला सुमारे 130 किलो वाफेऐवजी 77 किलो. गार करायच्या बाजूलाही तेवढेच 30 किलोवॅट वाचतात.

किंमत मात्र प्लेटांत मोजावी लागते. दोन्ही बाजूंना दुधाचा प्रवाह सारखाच, त्यामुळे तापमानातला फरक रिजनरेशनभर जवळपास एकच राहतो: 90 टक्क्यांना 6.7 अंश, 94 ला 4 अंश. इतक्या कमी फरकावर जास्त उष्णता न्यायची तर क्षेत्रफळ 75 टक्क्यांनी वाढवावं लागतं. 96 टक्के हवे असतील तर 90 च्या मानाने पावणेतीन पटीच्या जवळ जातं. आमच्या मते 94 च्या पुढे जायचं ते वाफेचा खरा दर हातात घेऊनच.

आता नियंत्रणाकडे. रिजनरेशनमध्ये गरम दूधच कच्च्या दुधाला तापवतं. होल्डिंग ट्यूबमधून (दूध ते 15 सेकंद जिथे राहतं ती नळी) दूध 1 अंश कमी निघालं, तर 0.94 अंशाची तूट फिरून हीटरच्या तोंडाशी येते. वाफेचा प्रवाह ठरावीक ठेवला तर तीच तूट पुन्हा पुन्हा फिरते आणि शेवटी मूळ चुकीच्या जवळपास 17 पट होते. 90 टक्क्यांना हाच गुणाकार 10 पट होता. म्हणजे कार्यक्षमता चार टक्क्यांनी वाढवली आणि त्याच हाताने सेट जास्त हळवा करून ठेवला.

यावर उतारा म्हणजे वाफेने पाणी तापवून त्या पाण्याने हीटरमध्ये दूध तापवणं, आणि त्या गरम पाण्याचं तापमान धरून ठेवणं. पाण्याचा प्रवाह भरपूर आणि तापमान 74 वर पक्कं असेल, तर 68 चं दूध 72 ला जातं. हीटरच्या तोंडाशी आलेल्या 1 अंशाच्या तुटीतला फक्त एक तृतीयांश भाग पुढे सरकतो. फिरून येणारी चूक मग 17 पट नव्हे, दीडपटीवर थांबते. म्हणून कॅस्केड, म्हणजे एकात एक असे दोन नियंत्रण लूप, लावावं: आतला लूप गरम पाण्याचं तापमान सांभाळतो आणि तो चपळ हवा, बाहेरचा लूप दुधाचं तापमान बघून आतल्या लूपचा सेटपॉइंट (गाठायचं तापमान) हलवतो, आणि तो संथ हवा. थेट दुधाच्या तापमानावर वाफेचा व्हॉल्व्ह हलवणारी जुनी जोडणी 85 टक्के रिजनरेशनला खपून जायची, 94 ला खपत नाही.

बाहेरच्या लूपचा सेन्सर हीटरमधून दूध निघतं तिथे, होल्डिंग ट्यूबच्या आधी हवा. ट्यूबच्या शेवटी असलेला सेन्सर डायव्हर्शन व्हॉल्व्हसाठी आहे, तो तिथेच राहू द्यावा. नियंत्रणही त्याच्यावरच चालवलं तर दर चुकीची खबर 15 सेकंद उशिरा मिळते.

मग वाफेचा व्हॉल्व्ह. पुष्कळदा तो पाइपाच्या मापाने घेतलेला असतो आणि आधीच 25 टक्के उघडा चालत असतो. मागणी 130 वरून 77 किलोवर आली की तो 15 टक्क्यांवर, सीटला जवळजवळ टेकून, उघडझाप करत राहतो. आतली सीट आणि प्लग बदलून लहान केले तर अख्खा व्हॉल्व्ह बदलायची गरज सहसा पडत नाही. त्यातच, वाफेचा दाब उतरल्यामुळे पाणी तापवणाऱ्या एक्स्चेंजरमधलं कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) ट्रॅपमधून, म्हणजे वाफ अडवून फक्त ते पाणी सोडणाऱ्या झडपेतून, बाहेर पडत नाही, साचतं, आणि मग ठोके ऐकू येतात. ट्रॅप फ्लोटचा घ्यावा, आत हवा घेऊन पोकळी मोडणारा व्हॅक्यूम ब्रेकर बसवावा आणि कंडेन्सेट उताराने जाऊ द्यावं. ट्रॅपनंतर लाइन वर चढवली की हा त्रास हमखास.

डायव्हर्ट झालं की रिजनरेशनची गरम बाजू रिकामी पडते आणि हीटरवर एकदम कितीतरी पट भार येतो. कंट्रोलरचा इंटिग्रल (साठत गेलेल्या चुकीची बेरीज) तेवढ्या वेळात फुगतो आणि दूध परत पुढे सुटलं की तापमान वर उसळतं. डायव्हर्टचा सिग्नल आला की इंटिग्रल गोठवावा. बॅलन्स टँकही (कच्चं आणि परतलेलं दूध जिथे जमतं ती टाकी) उगाच मोठा नको. परतलेल्या गरम दुधाने तो लवकर तापला तरच हीटरला दम मिळतो.

प्लेटा वाढवताना पासही (प्लेटांमधून दुधाच्या फेऱ्या) वाढवले तर दाब पाहायलाच हवा. कच्चं दूध जिथून आत शिरतं, नेमकं तिथूनच पाश्चराइज्ड दूध बाहेर पडतं, म्हणजे एका बाजूचा सगळ्यात जास्त दाब आणि दुसऱ्या बाजूचा सगळ्यात कमी दाब समोरासमोर येतात. पाश्चराइज्ड बाजू तिथेही वरचढच राहिली पाहिजे. नाहीतर अर्ध्या मिलिमीटरच्या प्लेटमधलं सुईएवढं छिद्रही कच्चं दूध पलीकडे नेतं आणि तापमानाची नोंद चोख असूनही दूध नीट पाश्चराइज झालं का ते दाखवणारी फॉस्फटेज चाचणी पॉझिटिव्ह येते. पाश्चराइज्ड दुधाच्या बाहेरच्या तोंडाला दाब टिकवून धरणारा बॅक प्रेशर व्हॉल्व्ह लावणं हा साधा उपाय.

दर तासाला गरम पाणी आणि हीटरमधून निघणारं दूध यांच्यातला फरक लिहून ठेवावा. सुरुवातीला तो 2 अंश असतो. प्रथिनांचा आणि कॅल्शियमचा थर बसत गेला की पाणी 76 वर, मग 78 वर न्यावं लागतं. 78 ला तो दीडपटीचा गुणाकार 2.3 पट होतो, आणि पाणी जितकं गरम तितका थरही लवकर बसतो. फरक 5 अंशांवर गेला की थांबवून सीआयपी (सेट न उघडता आतून धुणं) घ्यावं: आधी 1 ते 1.5 टक्के कॉस्टिक सोडा 75 अंशांना अर्धा तास, मग पाणी, मग 0.5 ते 1 टक्का नायट्रिक आम्ल 60 अंशांना वीस मिनिटं, आणि शेवटी पुन्हा स्वच्छ पाणी.